पलंगावरचा कापूस

दोन हजार सतरा साली गुलाबी अळीनं बोंडं पोखरली, त्याच हंगामात घाटंजीजवळच्या एका खेड्यात तुळसाबाईच्या घरी यंत्रं लागली. तिचा नवरा बळीराम आदल्या वर्षी न्हाणीत पडून गेला आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. म्हणून पुण्यात इंजिनिअर असलेल्या तिच्या मुलानं, धम्मदीपनं, भिंतीवर एक डबी बसवली आणि नवा पलंग आणून त्याच्या गादीखाली एक पट्टी सरकवली. आई चालली, निजली की त्याच्या मोबाइलवर उमटायचं.

"काही गडबड दिसली तर गाडी घेऊनच येईन. मंग घराले कुलूप अन् तू पुण्यात," तो जाताना बजावून गेला.

तुळसाबाई मरणाला भीत नव्हती, पण पुण्याला फार भ्यायची.

कापूस घरी आला तेव्हा भाव पडलेले होते. थोडं थांबू म्हणून तिनं तो घरातच भरला. अळीनं खाल्लेला जमिनीवर टाकला. चांगला, निवडलेला मात्र ओल लागू नये म्हणून पलंगावर रचला आणि वरून लुगडं पांघरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"माय, झोपून काहून आहे? बरं नाही काय?"

"झोपून? मी तं अंगणात भाकरी थापून राह्यली!"

"मशीन सांगते, कालपासून उठलीच नाही म्हणून."

"मंग आता कोण बोलून राह्यलं तुयासंग? मशीन?"

"बोलण्यावर कायले जाऊ? बाबाही बरा आहो असंच म्हणत होते."

तिनं फोन ठेवला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

उपाय शेजारच्या रुखमाबाईनं काढला. "त्या डबीपुढून चालत राय व माय. हालचाल दिसली की पोट्टा गप बसन." मग दोघी म्हाताऱ्या पदर खोचून, हसत हसत डबीसमोर घिरट्या घालू लागल्या. तेवढ्यात पलंगावरच्या कापसात उंदीर शिरले. पुण्यात दिसलं ते असं : आई पलंगावर तळमळते आहे आणि त्याच वेळी घरभर फिरतेही आहे. धम्मदीपनं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत चालण्याचा आजार दिसतो.

तो गाडी घेऊन निघाला.

तुळसाबाई भरलेली बादली हातात घेऊन मुद्दाम दारातच उभी राहिली. "पाय, जित्ती आहो!" म्हणाली आणि त्याला ओढतच पलंगापाशी घेऊन गेली. "अन् हे घे तुयी झोपलेली माय!" तिनं लुगडं ओढलं. कापसातून उंदीर उडी मारून पळाला. रुखमाबाईनं हसून हसून पोट धरलं. धम्मदीपही हसला. मग थांबला.

"माय, तू कुठं झोपते मंग?"

"अंगणात."

"या थंडीत?"

"त्याले काय होते? घरात कापसानं खाज सुटते ना बाप्पा." पुरावा म्हणून तिनं बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल, ओरबाडलेली होती.

त्यानं अंगणात पाहिलं. ओल्या मातीवर एक पोतं आणि विरलेली चादर पडली होती.

मग कोणीच हसलं नाही. संध्याकाळी घराला कुलूप लागलं.

कापूस व्यापाऱ्यानं दारातूनच उचलला. निवडलेलाही किडक्याच्या भावात गेला. रुखमाबाई पाय चालले तोवर ते अंगण झाडत राहिली. तुळसाबाई पुण्यात सातव्या मजल्यावर चार वर्षं जगली, पण खिडकीशी कधी गेली नाही. धम्मदीपनं गावातली यंत्रं काढलीच नाहीत. आई गेल्यावरही त्याच्या मोबाइलवर रोज सकाळी उमटायचं, घरात कोणी नाही. तेवढं मात्र यंत्रानं कधी चुकवलं नाही.