चक्राची मुदत

आमच्या सड्यावरच्या कातळात कोरलेल्या चक्राचा अर्थ दर तीन वर्षांनी संपतो, आणि चालू अर्थ मंगळवारी दुपारी बारा वाजता संपणार होता.

चक्र कुणी कोरलं ते ठाऊक नाही. देवांना नावंही नव्हती तेव्हाचं म्हणतात. चालू अर्थ होता 'परत येणं'. त्यामुळे तीन वर्षं हरवलेली म्हैस परत यायची, रुसून माहेरी गेलेली सून परत यायची, शेजारी दिलेली मेली पातेलीसुद्धा परत यायची. फक्त माझा मुलगा विश्राम राहिला होता. चौदा महिने बोटीवर, येणार गुरुवारी. म्हणजे अर्थ संपल्यावर दोन दिवसांनी.

"भाऊसाहेब, दोनच दिवस वाढवून द्या हो," मी ग्रामसेवकांना म्हटलं.

"काकी, फॉर्मात मुदतवाढीचा रकानाच नाही. आणि चिन्ह बिनअर्थाचं ठेवता येत नाही. पलीकडच्या वाडीने एक दुपार ठेवलं, तर बायका विहिरीवर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. कशाला आलो ते कळेना."

हे खरं होतं. त्यांत माझी बहीण होती.

नवा अर्थ ठरला होता 'मोहर', आंब्यांना भरपूर यावा म्हणून. रीत अशी, की गावाचे मानकरी, गावकार दाजी मांडवकर देवाला गाऱ्हाणं घालतात, शेवटी अर्थ उच्चारतात आणि गाव 'होय महाराजा' म्हणतं. म्हटलं की अर्थ लागू.

दाजी अनवाणी कातळावर उभे राहिले. "बा देवा महाराजा, आज ही तुझी लेकरां जमली आसत..."

"होय महाराजा!"

"तर ह्या चक्राचो अर्थ आजपासून..."

इथे दाजींना ठसका लागला. माझा धीर सुटला. मी ओरडले, "अरे थांबा रे! माझो विश्राम अजून येवचो हा!"

"होय महाराजा!" अख्खा गाव म्हणाला. सवय, दुसरं काय! जन्मभर दुसरं केलंय काय त्यांनी?

भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'विश्राम अजून यायचा आहे', मला वाचून दाखवलं आणि माझी सही घेतली.

गुरुवारी विश्रामचा फोन आला. "आये, तिठ्यावर उतरलंय. पाच मिन्टात पोचतंय. आंबोळ्यो घाल."

मी तवा ठेवला.

तिठा घरापासून हाकेवर आहे. आज दुसरा रविवार. रोज सकाळी फोन येतो; तिठ्यावर उतरलाय, पाच मिनिटं. त्याची धापसुद्धा ऐकू येते. मी जाऊन बघते, तर तिठ्यावर कोणी नसतं. मग घरी येऊन रडते.

दाजी कुंपणावरून विचारतात, "इलो काय गो झील?"

"येवचो हा अजून," मी म्हणते.

"होय महाराजा," दाजी म्हणतात, आणि मी उद्याचे तांदूळ भिजत घालते.