खरमाटेंच्या हौद्याला पोचा

पिकअपच्या ॲल्युमिनियमच्या हौद्याला पोचा पडत नाही. मालकावर ज्याची सर्वांत जास्त माया असते, त्या माणसाला तो पडतो. लोखंडी हौद्याचं तसं नसतं. तो स्वतः चेपतो, गंजतो आणि भंगारात जातो. म्हणून कवठेमहांकाळच्या बाजूला दगडाच्या खाणींवर ज्यांचे पिकअप चालतात, ते संसारी लोक ॲल्युमिनियमचाच हौदा बसवून घेतात. सड्याफटिंगाला शोरूमवाले स्वतःच लोखंडी घ्यायला सांगतात.

भानुदास खरमाटेनं पिकअप घेतला, तेव्हा त्याचं लग्न नवं होतं. खाणीतून डबर भरायचं आणि जिथं बांधकाम असेल तिथं नेऊन ओतायचं, हा त्याचा धंदा. पहिल्या खेपेला जेसीबीनं हौद्यात दगड सोडले, त्या वेळी त्याची बायको शालन घरी भाकरी थापत होती. तिच्या डाव्या खांद्याला वाटीएवढा पोचा पडला. पोचा दुखत नाही, नुसता खोल राहतो. शेजारणी बघायला आल्या. "पहिल्याच खेपेला पडला! किती गं माया तुझी," असं त्या म्हणाल्या तेव्हा शालन लाजली होती. भानुदास बाहेर पुरुषमंडळींना हौदा दाखवत होता.

पुढं पाठीला पडले, कमरेला पडले. शिंप्यानं ब्लाऊजचं माप बदललं. आंघोळ करताना गळ्याखालच्या पोच्यात पाणी साचायचं, ते ती बोटानं काढून टाकायची. तिला भरलेला हंडा उचलेना, तेव्हा मुलगी मृणाली उचलायला लागली. सगळ्या घरांत असंच चालतं, त्यामुळे कुणी त्याची चर्चा करत नसे.

मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी भानुदास हौदा धूत होता आणि त्याच्या तळहाताला खोलगट लागलं. त्यानं चिखल समजून पुसलं. मग खाली वाकून बघितलं. हौद्याला पोचा होता. शेजारी आणखी दोन होते. तो तसाच ओल्या कपड्यांनी शोरूमला गेला.

तक्रारींचं काम गाडेकर नावाचे गृहस्थ बघत. त्यांनी पोच्यावरून अंगठा फिरवला.

"पोचा आहे खरा," ते म्हणाले. "घरी कोण कोण?"

"बायको, मुलगी."

"बायको हयात आहे?"

"हयात म्हंजे? सकाळी डबा दिलाय तिनं."

"डबा वेगळा," गाडेकर म्हणाले. "घरी येऊन तपासणी करावी लागेल."

ते दुसऱ्या दिवशी आले. शालननं पाणी आणलं. गाडेकरांनी तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "वहिनी, शेवटचा पोचा कधीचा?"

शालननं कपाळावरचे केस बाजूला केले. "हा. उन्हाळ्यातला. त्यानंतर न्हाई."

"मध्ये खेपा बंद होत्या?"

"खेपा रोज चालू हायत."

"मग काही विशेष कारण?"

शालन नवऱ्याकडं न बघता बोलली. "मला ताप होता. हे दवाखान्यात न्यायला निघाले. म्हणाले, वाटेत एक खेप भरून घेतो. मी पुढं केबिनमध्येच बसलेली. जेसीबीवाल्यानं मला बघितलं. म्हणाला, वहिनी हायत, बकेट खाली घेऊन सोडू का? तसं सोडायला वेळ लागतो. हे म्हणाले, वरनंच सोड की, हौद्याला काय होतंय! मी मागच्या काचेतनं बघत होते. यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. त्याला तंबाखू दिली. दगड पडले, आन् हा कपाळाला पडला. पडला तवाच मला कळलं, हा शेवटचा."

"म्हणजे वॉरंटीत बसत नाही," गाडेकर म्हणाले.

"का न्हाई बसत?" भानुदास चिडला. "कितीबी जड वापरा म्हणून तुम्हीच सांगितलं हुतं."

"हौदा कितीही जड वापरा. आमच्या पत्र्यात काही दोष निघालेला नाही." गाडेकरांनी चहा संपवला. "आता दोन मार्ग आहेत. लोखंडी बसवून घ्या, नाहीतर घरात सांभाळून घ्या."

भानुदासनं दुसरा मार्ग धरला. तो गजरा आणायला लागला. रविवारी मटण आणून स्वतः निवडून, धुऊन द्यायला लागला. शालनच्या माहेरच्यांची चौकशी करायला लागला. शालननं गजरा माळला, मटण शिजवलं, माहेरचं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी तो आधी हौदा बघायचा आणि मग घरात यायचा. हौद्याला नवे पोचे पडतच होते.

"एवढं करतोय तरी तू कोरडीच," तो म्हणाला.

"मला करता येत न्हाई ते," शालन म्हणाली. तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो एकटा जेवायचा, ताट सरकवून उठायचा.

दसऱ्याच्या सुमाराला हौद्याला पोचे पडायचे थांबले. भानुदास पेढे घेऊन आला. "आलीस की ताळ्यावर!" असं म्हणून त्यानं पेढा तिच्या तोंडात घातला. शालन आत गेली. तिनं आरशासमोर उभं राहून स्वतःला सगळीकडून चाचपलं. नवीन काही नव्हतं. मग तिनं मृणालीला हाक मारली आणि तिच्या ड्रेसची बाही वर केली. कोपराच्या वर पोचा होता.

"कधीपासनं?"

"आठवडा झाला असेल," मृणाली म्हणाली. "पप्पा एकटेच जेवतात, आई. मला वाईट वाटतं त्यांचं."

"वाटून घेऊ नकोस."

"मी काय मुद्दाम करते का?"

शालन बाहेर आली. कित्येक दिवसांनी ती नवऱ्याशी आपण होऊन बोलली. "लोखंडी बसवा."

"लोखंडाचं स्वतःचं वजन किती असतंय, ठाऊक हाय? माल किती कमी बसंल! आन् दुखतंय कुठं तिला? तुला दुखलं का कधी?"

सकाळी शालननं मृणालीला जतला, भावाकडं पाठवून दिलं. दोन दिवसांनी भावाचा फोन आला. पोरगी अंगणात अभ्यास करत बसली होती आणि बसल्या जागी तिच्या पाठीला पोचा पडला होता. अंतरानं काही फरक पडत नाही.

तेव्हा शालनला एकच उपाय उरला. मुलीपेक्षा जास्त माया आपण करायची. ती कामाला लागली.

भांडी घासताना ती नवऱ्याबद्दलचं बरं काय ते शोधायची. मृणाली तान्ही असताना लाईट गेली, की तो तिला छातीवर घेऊन पातेल्याच्या झाकणानं वारा घालायचा. ते तिनं आठवून काढलं. त्याचे केस आता विरळ झाले होते, मागून बघितलं की तो म्हातारा दिसायचा. तेही तिनं धरून ठेवलं. झोपेत तो गेलेल्या आईला हाक मारायचा. उपास धरावा तशी ती हे रोज करायची. कधी कधी कीव येण्यापर्यंत ती पोचायची. तेवढ्यात तो बाहेरून टॉवेलसाठी ओरडायचा आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. तिकडं जतला मृणालीच्या मांडीला पडला, मग मानेला पडला. वहिनीनं फोनवर विचारलं, "तिच्या लग्नाच्या वेळी हे कसं झाकायचं?" शालन म्हणाली, "मी करतेय प्रयत्न."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती तीळ निवडत बसली होती. बरगड्यांखाली काहीतरी आत गेलं. ती हलली नाही. मग हात पुसून तिनं जतला फोन लावला.

"मृणाली, आत्ता काही पडलं का तुला?"

"नाही."

"मामीला पाठ बघायला सांग."

थोड्या वेळानं मृणाली म्हणाली, "काही नाही गं आई. नवीन काहीच नाही."

शालननं फोन ठेवला आणि पोच्यात हात घालून बघितला. मनगट आत जात होतं. एवढा खोल आजवर कधी पडला नव्हता.

दुपारी भानुदास जेवायला आला. जेवून त्याला पुन्हा खाणीवर जायचं होतं. शालननं ताट वाढलं, आणि त्याचं जेवण होईपर्यंत ती समोर बसून त्याच्याकडं मायेनं बघत राहिली.