आधी असाय लागतंय

चौगुले अण्णा खिशात दोन कंगवे ठेवत. एक केसांसाठी आणि दुसरा पहिला हरवला तर. वय पन्नाशीच्या पुढं, पण केस मानेवर रुळणारे. हेल्मेट घालायच्या आधी डोक्याला मऊ फडकं गुंडाळत. राजारामपुरीतल्या न्हाव्याला एकच ताकीद होती, "फक्त कातर. वस्तरा दिसला तर उठून जाईन बघ."

त्यांच्या गारगोटीत लोक उघड बोलत, "बाप गेला तरी ह्या पठ्ठ्यानं केस दिलं न्हाईत." अण्णा ऐकून घेत आणि भांग सरळ करत. लग्न केलं नव्हतं. आम्ही ऑफिसातले म्हणायचो, आरशातून वेळ मिळाला असता तर केलं असतं.

आमचं काम डॉक्टरांनी लिहिलेल्या रोगांना ठरलेले कोड देण्याचं. एक अक्षर, दोन आकडे, मग पॉइंट आणि पुढचा आकडा. अण्णांचा सगळा जीव त्या पुढच्या आकड्यात. चहा बिघडलाय म्हणावं तर विचारत, "पॉइंटच्या फुडं बोला. दूध नासलंय का साखर इसरलाय?" डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला तर ते इतके प्रश्न विचारत की बिचारा शेवटी बरा होऊन जागेवर जाई.

शेजारच्या टेबलावर रूपाली बसायची. कोडोलीला दिलेली, आईबापाची एकुलती एक. तिची मुलगी सई वर्षाची झाली तरी डोक्यावर एक केस नव्हता. रूपाली दवाखान्याचा कागद घेऊन अण्णांकडं आली. कागदावर कोड होता केस गळण्याचा.

अण्णा खुर्चीतून उठलेच. "हे कुणी लिवलं? गळाय आधी असाय लागतंय की! हे क्यू चौऱ्याऐंशी. जन्मापासूनचं. पॉइंट वन म्हंजे केस हायत पण घडण बिघडल्याली. टू म्हंजे जास्तीचं, नको तितं उगवल्यालं. आन् झिरो म्हंजे न्हाईतच. पोरगी पॉइंट झिरो हाय."

रूपाली रडायला लागली. अण्णांना वाटलं, आपण फार जोरात बोललो. पण कारण वेगळं होतं. घरी सासूबाई रोज म्हणत, हिच्याच पायगुणानं पोरीचे केस गेले. सईला कायम कुंची घालून आत ठेवलेली. जोतिबाच्या डोंगरावर जावळ काढायचा नवस बोललेला, तोही अडकला. काढणार काय? आणि मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, तर मामाही नाही.

त्या रविवारी अण्णा मला घेऊन कोडोलीला गेले. सासूबाईंनी चहा दिला आणि सुरुवात केली, "काय सांगायचं पावणं, हिचा पाय घरात आला आन् नातीचं केस गेलं."

"गेलं कुठं मावशी?" अण्णांनी कप खाली ठेवला. "गळाय आधी असाय लागतंय की. नव्हतंच, तर कुणाच्या पायानं जाणार? तुमच्या का माझ्या?"

सासूबाई हट्टानं म्हणाल्या, "बरं, नव्हतं. पर देवाला बोलल्यालं हाय, त्येचं काय? जावळ कशाचं काढू, ह्या भिंतीचं?"

अण्णांनी कंगवा काढला, केसांतून एकदा फिरवला आणि खिशात ठेवला.

"माझं काढा. मामा बी मीच हुतो."

"तुमचं केस काय करायच्यात? जावळ लागतंय, जन्माचं!"

"जन्माचंच हाय," अण्णा म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "माज्या आयनं जोतिबाला बोललं हुतं. मी रांगत हुतो, तवर ती गेली. मामा नव्हता. घरात दुसरी आय आली, मग कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? ह्या डोक्याला वस्तरा लागला न्हाय मावशी. बापाच्या येळला बी न्हाय लावू दिला. आयनं देवाला दिल्यालं केस, दुसऱ्याला कसं देऊ?"

माझ्या हातातला चहा निवला. आम्ही इतकी वर्षं त्या कंगव्यांना हसत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे डोंगरावर होतो. अण्णा पाटावर बसले, मांडीवर सई, आणि तिच्या डोक्यावरची कुंची अण्णांनी स्वतः काढून लांब ठेवली. न्हाव्यानं गोंधळून विचारलं, "नेमकं कुणाचं काढायचं?"

"मामाचं!" सासूबाई ओरडल्या. "डोळं फुटलं काय? भाचीचं हाय का बघ!"

वस्तरा फिरू लागला. पांढऱ्या-काळ्या बटा सईच्या अंगावर पडायला लागल्या, तशी ती खदखदून हसत मुठीनं त्या धरू लागली. सासूबाईंनी पुढं होऊन पदर पसरला आणि एकेक बट त्यात झेलली. मग दोन्ही टकलांवर सारखा गुलाल पडला आणि सासूबाईंनी "जोतिबाच्या नावानं चांगभलं" असा आवाज दिला की रांगेतले अनोळखी लोकही ओरडले. रूपाली लेकीला उघड्या डोक्यानं खांद्यावर घेऊन साऱ्या गर्दीतून चालली. अण्णा मागून, टाळूवरून हात फिरवत. "वारं लागतंय की रं," मला म्हणाले, "पैल्यांदाच."

नंतर ते केस बारीकच ठेवायचे. कंगवे त्यांनी रूपालीला देऊन टाकले. दर भाऊबीजेला कोडोलीला जायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाचं वर्णन पॉइंटच्या पुढं जाऊन करायचे.

यंदा अण्णा गेले. गारगोटीला आम्ही पोचलो तेव्हा भावकीत कुजबुज चालली होती, पोरबाळ नाही, ह्यांच्यामागं केस कोण देणार? सासूबाई सईचा हात धरून पुढं झाल्या. सई आता शाळेत जाते. डोकं तसंच, उघडं, उन्हात चकाकणारं.

"भाची हाय न्हवं त्यांची," त्या ठणकावून म्हणाल्या. "तिनं आधीच दिल्यात."

अण्णा असते तर लगेच खुर्चीतून उठले असते. द्याय आधी असाय लागतंय की, मावशी.