सूचना फलक क्रमांक अडुसष्ट

"पाचव्यांदा नाही म्हणजे नाही!" दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायकोने जाहीर केलं.

वर्षात चार वेळा लघवीला जळजळ, चार वेळा तपासणी, चार वेळा गोळ्या. आणि दरवेळी दुखणं उपटायचं ते नवरा-बायको जवळ आल्यावर दोन दिवसांत. त्यामुळे नवरा जरा लाडात आला की बाई चार हात लांब सरकायच्या. "आता डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तंतोतंत पाळायचं," ती म्हणाली. "पण हे कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये!"

"तू निर्धास्त राहा," नवरा म्हणाला. इथेच सगळं बिनसलं.

नवरा एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. ठसठशीत बोर्ड लावला की कुठलाही अपघात टळतो, अशी त्याची श्रद्धा. कारखान्यात त्याचे सदुसष्ट बोर्ड होते. कँटीनमधला चहा गरम असतो हे सांगणारासुद्धा एक होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या त्याने घरच्या बाथरूमच्या दाराला आतून लावायला अडुसष्टावा टाइप केला. संबंधांनंतर पंधरा मिनिटांच्या आत लघवीला जाणे. दिवसभर भरपूर पाणी पिणे. लघवी तुंबवू नये, कामात असलात तरी. गर्भ राहू नये म्हणून शुक्राणुनाशक मलम वापरत असल्यास डॉक्टरांना विचारून दुसरं साधन निवडणे. त्रास उलटल्यास डॉक्टरांना दाखवणे, घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने गिळू नयेत.

त्याने प्रिंटचं बटण दाबलं आणि तेवढ्यात मॅनेजरांचा फोन आला. तो संपवून प्रिंटरपाशी जातो तर कागद गायब.

"काका, इथे एक कागद होता..."

"लावला की साहेब! दहाच्या दहा ठिकाणी. नऊच मिनिटं लागली," शिपाईकाका अभिमानाने म्हणाले. सुरक्षा विभागाचा कागद निघाला की दहा प्रती काढून, प्लास्टिकमध्ये घालून दहा मिनिटांत लावायच्या, असा नियम होता. नियम साहेबांचाच.

"अहो, पण वाचला नाहीत?"

"मी वाचत नाही साहेब. मी लावतो."

साहेब धावत पॅकिंग विभागात पोचले. बोर्डासमोर तीस बायका उभ्या होत्या आणि एकही हसत नव्हती, हे जास्त भीतीदायक होतं. त्याच्या प्रत्येक बोर्डाखाली आपोआप छापली जाणारी ओळ इथेही होती. 'पालन न झाल्यास सुरक्षा अधिकाऱ्यास तत्काळ कळवावे.' पुढे त्याचा मोबाइल नंबर.

त्याने बोर्डाला हात घातला.

"हात लावायचा नाही साहेब." कामगारांच्या प्रतिनिधी असलेल्या मावशी आडव्या आल्या. "लावलेला बोर्ड प्रतिनिधीच्या सहीशिवाय उतरवायचा नाही. बोर्ड नंबर बारा. तुमचाच आहे."

"मग करा ना सही! हात जोडतो."

"का म्हणून? टॉयलेटला जायचं तर आम्ही सुपरवायझरच्या तोंडाकडे बघत बसायचं. आज पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलंय, तुंबवू नका म्हणून. आणि त्या पहिल्या मुद्द्याचं सांगू? निम्मं आयुष्य जळजळीत गेलं माझं. मला कुणी सांगितलंच नाही हो." मग मावशींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पण तुम्हाला कसं सुचलं हे?"

बायकोला दिलेला शब्द त्याला आठवला. "अभ्यास केला," तो पुटपुटला.

दुपारी मॅनेजरांनी बोलावलं. आता नोकरी गेली, असं धरून तो आत गेला. मॅनेजरांनी दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "तो चौथा मुद्दा जरा नीट सांगता का? आमच्याकडेही हाच त्रास आहे."

घरी त्याने सगळं कबूल केलं. बायको दोन दिवस त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. पण पाण्याची बाटली तिने सोडली नाही. ती शाळेत शिकवायची. सलग चार तास वर्गात उभं राहायचं तिने बंद केलं, मुख्याध्यापिकांशी भांडून मधली पाच मिनिटं मिळवली. डॉक्टरीणबाईंना विचारून मलमाऐवजी दुसरं साधन घेतलं. बाथरूमच्या दारावर बोर्ड मात्र लावू दिला नाही. सहा महिने गेले. पाचवी खेप आली नाही.

मग एका रविवारी, भर दुपारी, नवरा-बायको नुकते कुठे निवांत पडले होते आणि फोन वाजला. मावशी.

"साहेब, आमच्या सुनेला त्या बोर्डाचं काही विचारायचंय. पण लाजतीये ती."

"तिला म्हणावं, म्हणजे... त्याचं असं आहे..." नवरा चाचरला.

बायकोने हात पुढे केला. "द्या इकडे." आणि फोनवर म्हणाली, "मावशी, मी साहेबांची बायको. द्या सुनेकडे... हां, बोल गं. लाजायचं काय त्यात? मला नव्हतं का होत, वर्षात चार-चारदा! यांनी बोर्ड लिहिला तो माझ्यामुळेच."

सहा महिने नवऱ्याने जिवापाड जपलेलं गुपित तिने अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं होतं. पुढची दहा मिनिटं ती सुनेला एकेक गोष्ट समजावत होती. बोलता बोलता तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं.

"बोला तुम्ही," फोन नवऱ्याच्या हातात कोंबत ती म्हणाली, "माझी पंधरा मिनिटं संपत आलीत."

आणि तिने बाथरूमचं दार लावून घेतलं.