अडीच मजल्यावरचा पियानो

पियानो दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकला, तेव्हा हमाल म्हणाले, "जरा पाणी पिऊन येतो." ते गेले ते गेलेच.

चूक टेलरची होती. तिसऱ्या मजल्यावरचा हा टेलर मापाचा पक्का म्हणून ओळखला जाई. त्याने पियानोचे माप घेतले, जिन्याचे माप घेतले, वर दोन बोटे मायाही ठेवली. पण सगळे आयुष्य माणसांची मापे घेण्यात गेलेले. जिन्याच्या वळणाचे मापही त्याने कमरेचे घेतात तसेच घेतले, टेप भिंतीला लावून गोल फिरवून. कंबर वळते, पोट आत घेता येते. जिना पोट आत घेत नाही.

"थोडा श्वास रोखला असता तर गेला असता," टेलर म्हणाला.

"कोणी? पियानोनं?" बायकोने विचारले.

एक टोक कठड्यावर चढलेले, दुसरे भिंतीत रुतलेले आणि पियानो मध्ये अधांतरी, डावीकडे चार बोटे कललेला. जणू आधी तो होता आणि जिना मागाहून त्याच्याभोवती बांधला. पट्ट्यांची बाजू वरच्या पायऱ्यांकडे. खाली एक फट राहिली होती. तिच्यातून माणूस रांगत जाऊ शकत होता, पण जेवणाआधी.

(इथे जरा थांबावे लागेल. पहिल्या मजल्यावरच्या काकू ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघाल्या आहेत. आधी बादली सरकते, मग काकू. झाले.)

टेलरच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणे. ती दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर "पुढचे कोण" म्हणायची. लहानपणी सुट्टीत मावशीकडे गेली की तिला हा पियानो फक्त पुसायला मिळे. "हात लावू नकोस, फडकं लाव," असे मावशी म्हणायची. त्यामुळे फडके डावीकडून उजवीकडे नेताना जे वाजते तेवढेच संगीत वहिनीला येत होते. आता मावशीने मोठे घर सोडले आणि निरोप पाठवला, पियानो घेऊन जा, आता हात लावलास तरी चालेल. या एका वाक्यासाठी वहिनीने जन्मभर वाट पाहिली होती, आणि ते वाक्य अडीच मजल्यावर अडकले होते.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात इमारतीचे नियम होते आणि गुडघ्यांना धूळ होती.

"वहिनी, नियम वाचून दाखवतो."

"तुम्हाला पाठ आहे की."

"पाठ आहे, पण वाचलेला बरा वाटतो. जिन्यात वापरात नसलेली वस्तू ठेवू नये."

"आणि वापरात असलेली?"

सेक्रेटरींनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. ते नियमाला धरून चालणारे गृहस्थ असल्यामुळे त्यांना खोटे बोलता येईना. "वापरात असलेलीबद्दल काही म्हटलेलं नाही," ते नाइलाजाने म्हणाले.

"मग मी वाजवीन."

"येतं तुम्हाला?"

"शिकेन."

"हे बघा, बोटं आपटणं म्हणजे वापर नव्हे. कुणी शिकवत असेल तर वापर. नाहीतर तो उपद्रव. उपद्रवाचा नियम वेगळा आहे आणि तो फार लांब आहे." त्यांनी कागदाची घडी केली. "रविवारपर्यंत शिक्षक आणा. नाहीतर मी सुतार आणतो."

सुताराला त्यांनी नुसते बघायला म्हणून दुसऱ्याच दिवशी आणले. सुताराने पियानोवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला. "तुकड्यांनीच निघेल," तो म्हणाला. "पण लाकूड झकास आहे. दोन कपाटं आणि एक स्टूल सहज."

वहिनीने पियानोच्या बाजूवर तळहात ठेवला, पोराच्या कानावर ठेवावा तसा.

(सेक्रेटरी घरी जात आहेत. आधी नियम सरकतात, मग सेक्रेटरी.)

वहिनीने जाहिरात लिहिली: पियानो शिकवायला शिक्षक पाहिजेत. टेलरने तिच्याखाली भर घातली: व इतर वाद्ये.

"आपल्याकडे इतर वाद्यं कुठायत?"

"अगं, गिऱ्हाईक आधी दुकानात तर शिरू दे. मी पाटीवर पडदे लिहिलंय ते काय पडदे शिवायला?"

पहिला फोन एका कडक आवाजाच्या सरांचा आला. "पियानो कितव्या मजल्यावर आहे?"

"अडीच," वहिनी म्हणाली.

सरांना तो विनोद वाटला नाही. तरी ते आले. इस्त्रीची पँट, हातात छडीसारखी पेन्सिल. वरच्या पायरीवर उशी ठेवून वहिनी बसली, शेजारी सर बसले. "पाठ ताठ. नजर समोर. मनगट सपाट." त्यांनी पेन्सिल पियानोवर ठेवली. ती घरंगळत डावीकडून खालच्या फटीत पडली आणि पायऱ्यापायऱ्यांनी तळमजल्यावर पोचल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने सरही घरंगळू लागले. दोघे मधल्या पट्ट्यांवर सुरू करीत आणि एका सरावात डाव्या टोकाला, भिंतीपाशी येऊन थांबत. वहिनी सरांच्या आणि भिंतीच्या मध्ये दबलेली.

"तुमचा सूर खाली जातोय," सर म्हणाले.

"सर, आपण दोघंही खाली जातोय."

सर उठले. "माझे विद्यार्थी सरळ बसतात," असे म्हणून ते पेन्सिल शोधायला गेले. सापडली असावी, कारण परत आले नाहीत.

दुसरे गुरुजी 'इतर वाद्ये' वाचून आले होते. गोल चेहरा, गोल पोट, आणि पोटावर अकॉर्डियन बांधलेले. "हाही पियानोच हो ताई. फक्त याला पाय फुटलेत." टेलरने त्यांना सुचवले की वाद्य आधी सरकवावे, मग स्वतः. गुरुजी म्हणाले, ते आजवर त्याच्यापासून वेगळे झालेले नाहीत. मग ते फटीत शिरले आणि बरोबर मध्यावर अडकले.

आता त्यांनी श्वास आत घेतला की एक सूर निघे आणि सोडला की दुसरा. घाबरून श्वास वाढला तशी चाल जलद झाली. काकू बादलीसह खालच्या बाजूला खोळंबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "छान वाजवतात हो."

"मी वाजवत नाहीये," आतून आवाज आला. "मी गुदमरतोय."

सुतार हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्याने वाकून पाहिले. "नक्की काय कापायचंय?"

सेक्रेटरी नियमात बोट घालून उभे होते. "हा वापर धरायचा का, तेवढं मला कळत नाहीये. शिक्षक आहेत, वाद्य आहे, वाजतंयही. पण विद्यार्थी कोण?"

शेवटी टेलरने आपली कात्री आणून पट्टे कापले. अकॉर्डियन खाली निघाले, गुरुजी वर निघाले. म्हणजे वाद्य मिळवायला त्यांना परत फटीतून जावे लागले. वाद्याशिवाय ते इतके सहज गेले की त्यांचे त्यांनाच वाईट वाटले.

या सगळ्या गोंधळात चौथ्या मजल्यावरून काठीचे ठोके ऐकू येत होते. ठक. ठक. ठक. तिथे एक बाई एकट्या राहत. गुडघे दुखतात म्हणून त्यांना रांगता येत नसे, आणि रांगता येत नसल्यामुळे पियानो अडकल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. त्यांचे सामान दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जाई. पिशवीशिवाय कुणी त्यांच्याशी फारसे बोलत नसे.

"ऐकलंत?" सेक्रेटरी म्हणाले. "वरच्या बाईंची तक्रार. काठीनं नोंदवलेली. तीही धरावी लागेल."

(काकू जात आहेत. आज दोन बादल्या. चादरी आहेत.)

रविवार उजाडला. शिक्षक नव्हता. सुतार आला, पायरीवर बसून करवतीला तेल लावू लागला. सेक्रेटरी स्वच्छ शर्ट घालून आले होते. कुणाच्या तरी अंत्यदर्शनाला यावे तसे सगळे दारात उभे. टेलर वहिनीच्या मागे उभा राहून गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"वहिनी, मला आनंद होत नाहीये," सेक्रेटरी म्हणाले.

"पुसून घेते," वहिनी म्हणाली. "धुळीत नको कापायला."

तिने कमरेचे फडके काढले आणि डावीकडून उजवीकडे फिरवले. पियानो गुरगुरत गुरगुरत किणकिणला. मग तिने फडके खांद्यावर टाकले आणि एका बोटाने एक पट्टी दाबली. नुसत्या बोटाने, पहिल्यांदाच.

वरून ठक.

ती थांबली. वरूनही शांतता. तिने आणखी एक दाबली. ठक. चार दाबल्या, चार ठोके. घाई केली, तर ठोका घाई करेना. आपला जागच्या जागीच पडला.

"बघा, तक्रार," सेक्रेटरी म्हणाले.

"सेक्रेटरी, तुम्ही गप्प बसा," वरून आवाज आला. खणखणीत, जिन्याच्या पोकळीतून थेट खाली उतरणारा. "आणि अगं ए, एकाच बोटानं काय कोंबडीसारखं टिपतेस? बाकीची कुणाला दिलीस? अंगठा बोटांच्या खालून घाल. आता परत. मी ठोका देते."

सुताराचा तेलाचा हात करवतीवर थांबला.

सेक्रेटरींनी मान वर केली. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात?"

"तुम्ही चड्डीत होतात तेव्हापासून."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"विचारलं कुणी? मीटिंगमध्ये दरवेळी तुम्ही पाण्याच्या टाकीबद्दल विचारता. टाकीबद्दल मी सांगितलं. वहिनी, चौथं बोट झोपलंय. उठव त्याला."

वहिनीचे चौथे बोट उठले. सेक्रेटरींनी नियम उघडला, मिटला, आणि सुताराला म्हणाले, "वापर आहे."

सुतार करवत पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "जरा ऐकून जातो."

मग रोज शिकवणी चालू झाली. बाई वर, काठी घेऊन. वहिनी अडीच मजल्यावर, उशीवर, डावीकडे जाऊ नये म्हणून उजवा पाय कठड्यात अडकवून. जाणारेयेणारे खालून जात, वहिनी डावा पाय उचले, हात थांबत नसत. काकू आता ठोक्यावर रांगत. चुकून कुणी भलत्याच ठोक्याला बाहेर आले, तर वरून आवाज येई, "कोण ते? परत जा आणि नीट या." आणि लोक परत जाऊन नीट येत.

एवढे सगळे सुरळीत चालले होते, तर सेक्रेटरींना काळजी वाटू लागली की कठडा मोडेल. वापरातली वस्तू पडली तर नियम काय म्हणतो? नियम काहीच म्हणत नव्हता. म्हणून त्यांनी कठडा मजबूत करायला वेल्डर बोलावला. वेल्डरने नवा कठडा लावण्यासाठी जुना कापला, आणि पियानोने एक जाडजूड सुस्कारा टाकला, सरळ झाला आणि सुटला.

टेलर, सुतार आणि वेल्डर यांनी तो तिसऱ्या मजल्यावर नेला. इतक्या सहज, की टेलरला राग आला. "माप बरोबरच होतं माझं," तो म्हणाला. "कठडाच ढिला निघाला."

पियानो घरात, खिडकीजवळ, सपाट फरशीवर उभा राहिला. शेजारी बसायला सपाट जागा झाली म्हणून बाई कित्येक दिवसांनी खाली उतरल्या. शेजारी खुर्ची मांडून बसल्या. वहिनीने हात ठेवले, आणि काहीच जमेना. प्रत्येक पट्टी होती तिथून जराशी वर आली होती. वहिनी डावीकडे कलायची, पट्ट्या कलत नसत. उजवा पाय कठडा शोधायचा.

"काय झालं तुला?" बाई म्हणाल्या.

"काय माहीत. तुम्हीच सांगा."

"मला काय कळणार? जवळ बसलं की तुझी बोटंच दिसतात. ऐकूच येत नाही काही." बाई उठल्या. त्या पहिल्यांदाच हताश दिसत होत्या. "मी वर जाते. बघ तुला काही करता येतंय का. नाहीतर राहू दे."

वहिनी फडके हातात घेऊन बसून राहिली. टेलरने तिच्याकडे पाहिले, पियानोकडे पाहिले, मग सुताराला बोलावून आणले.

सुतार करवत घेऊन आत आला. यावेळी वहिनीनेच तेलाची बाटली पुढे केली.

"डावीकडचे पाय," टेलर म्हणाला आणि गळ्यातून टेप काढली.

"ती खिशात ठेवा," सुतार म्हणाला. त्याने पाचर लावून पियानो उचलला, पायाला स्वतःचा हात लावला, चार बोटे मोजली आणि कापले. आवाज वर पोचावा म्हणून टेलरने दार सताड उघडून दाराला पाटाचा टेकू दिला. वहिनीने उशी घेतली.

वरून ठक. खालून सूर.

(काकू गच्चीवर निघाल्या आहेत. बादली ठेवतात. जिना मोकळा आहे. काकू गुडघे टेकतात, बादली सरकवतात आणि रांगत पलीकडे जातात.)

सेक्रेटरी मागून येत होते. ते वळणावर थांबले. "काकू, अहो, पियानो गेला इथून."

"माहितीये मला," काकू पदर झटकत म्हणाल्या. "पण शिकवणी चालू आहे ना."

सेक्रेटरींनी कान देऊन ऐकले. चालू होती. त्यांनी नियमाचा कागद दातांत धरला, पुढचा ठोका पडायची वाट पाहिली, आणि वाकले.