वाटीभर पाणी

भूगावात आमच्या बंगल्यामागे सोपानराव डेंटिंगवाले राहतात. तुम्ही नवी गाडी घेऊन त्यांच्या दारात थांबलात, तर ते नमस्कार करणार नाहीत. आधी तांब्याभर पाणी आणून बॉनेटवर ओततील. मग वाकून बघतील आणि निकाल देतील, "पानी थांबलं, म्हंजे कारागीर चुकला."

मुलांनो, मागच्या दिवाळीत तुमच्या बाबाने भाड्याने आणलेल्या गाडीवरही तांब्या रिकामा झाला. बाबा चिडला, "काका, हे काय?"

"परात हाय परात! कणीक मळा हिच्यात."

त्यांना पसंत पडलेली गाडी जगात एकच: तुमच्या आजोबांची जुनी इंग्लिश, टपाची. लांबच्या प्रवासाला ऐटीत जाण्यासाठी केलेली. अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, कातडी सीटा आणि मागे घडी होणारा कापडी टप. पुढच्या मडगार्डावरून निघून दारावरून मागच्या चाकाकडे उतरत गेलेली कड ते बोटाने गिरवतात. "डुंबून आलेल्या म्हशीची पाठ, वैनी! गोऱ्यानं म्हस बघितल्याबिगर ही रेघ काढलीच न्हाई."

इंग्लंडात म्हशी नसतात, हे मी दोनदा सांगितलं.

"मग हितं येऊन बघून गेला आसंल."

पत्र्याच्या कामासाठी ही गाडी त्यांच्या शेडमध्ये गेली, त्याला चार वर्षं झाली. मी वहीत तारीख लिहायची, त्यांनी ती मोडायची. कारण ठरलेलं: "टपाच्या मागं वाटीभर पानी थांबतंय." शेवटी बाबाने फोनवर बजावलं, "आई, आता विकून टाकू. रविवारी माणूस पाठवतो बघायला."

म्हणून शनिवारी सकाळी मीच तांब्या घेऊन शेडमध्ये गेले. तिथे कोणी नव्हतं. टपाच्या मागे पाणी ओतलं. एक थेंब थांबला नाही. सगळं म्हशीच्या पाठीवरून गेल्यासारखं खाली उतरलं.

तेवढ्यात सोपानराव बायकोचा हात धरून आले. आजारपणापासून सखूबाईंना बंद जागेत धाप लागते. बंद गाडीत तर त्या पाऊल ठेवत नाहीत. आज मात्र नवं लुगडं होतं, केसांत अबोली होती. मला बघून सोपानराव जागीच थबकले.

सखूबाई खुशीत म्हणाल्या, "वैनी, चला की! टप काढून म्हायेरला निघालोय, धरनाकडं. दर शनवारी जातो."

सोपानराव तांब्याकडे बघत राहिले. "चुकलं, वैनी. दुसऱ्या गाडीत ही बसत न्हाई. उद्या न्या तुमची गाडी."

मी चष्मा पुसला आणि टपाच्या मागे पुन्हा वाकून पाहिलं.

"कशी नेऊ, सोपानराव? वाटीभर पाणी थांबतंय की इथे."

"कुटं थांबलंय?" सखूबाई म्हणाल्या. "समदं तर खाली गेलं!"

"गप बस गं," सोपानराव म्हणाले, आणि डावीकडचं दार उघडून धरलं.

तर मुलांनो, तुम्ही याल तेव्हा गाडी जागेवरच असेल. बाबाने विचारलं, तर पाणी किती थांबतं ते तुम्हाला आता माहीत आहे.