सुभेदारांचं स्थळ

आमच्या शेजारच्या नानांकडे कुणी आपली कुत्री जुळवायला म्हणून आलं, की नाना आत वळून मोठ्यानं सांगतात, "पोहे टाका! मुलीकडचे आलेत!" घरात पोहे टाकायला नानांशिवाय कुणीही नाही. मग तेच आत जातात, पोहे करतात, वर शेव भुरभुरून बाहेर येतात आणि पाहुण्यांसमोर ऐसपैस बसतात.

मुलगा म्हणजे सुभेदार, नानांचा जातिवंत अल्सेशियन. नाना त्याला अहो-जाहो करतात. "सुभेदार, पाय पुसून आत या." मी चाळिशी ओलांडलेली मास्तरीण, पण मला मात्र "ए, इकडे ये गं!" अख्ख्या देवास शहरात इतका मान फक्त त्या कुत्र्यालाच मिळत असेल.

एकदा उज्जैन रोडवरचा एक तरुण आला. "अंकल, अपनी फीमेल साल भर की हो गई. एक बार करवा दो ना."

"भिया, पहले पोहे खाओ," नाना म्हणाले. "एक साल की छोरी का ब्याह? अपने यहाँ बालविवाह नहीं होता. और पिल्ले किधर जाएँगे?"

"मार्केट में, अंकल! हाथोहाथ बिक जाएँगे."

पोरानं जेमतेम दोन घास खाल्ले असतील, नानांनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली.

मुलगी दोन वर्षांची हवी, रक्त तपासलेलं हवं, मागच्या पिढ्यांत सुभेदाराशी कुठं नातं लागता कामा नये. "सगोत्र चालायचं नाही!" शिवाय पिल्लं जिथं जाणार ते प्रत्येक घर नाना स्वतः पाहणार, आणि एखादं कुणाला नकोसं झालं तर ते रस्त्यावर न सोडता नानांकडे आणून द्यायचं. बदल्यात नानांना पैसा नको, फक्त एक पिल्लू हवं. त्या पिल्लासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सुभेदाराच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे होत चालले होते आणि स्थळ काही मनासारखं मिळत नव्हतं.

मग धारहून एक बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मराठीच, आणि त्यांची कुत्री मैना म्हणजे नुसती देखणी. पाहायला मीही जाऊन बसले. नानांनी विचारावं आणि बाईंनी कागद पुढे करावा. वय, रक्त, मागच्या पिढ्या, कमरेचा एक्स-रे, सगळं चोख. नाना नुसते खुलले होते. दुसऱ्यांदा पोहे वाढायला उठले, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता मुलाचा एक्स-रे दाखवा."

"मुलाचा?" नाना झारा धरून उभेच राहिले. "अहो बाई, आम्ही मुलाकडचे!"

मला हसू आवरेना. इतकी वर्षं हा गृहस्थ समोरच्यांची कसून चौकशी करत होता, पण आपल्या मुलाचीही तपासणी करायला हवी हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. वरपक्ष ना!

"दुखणं दोघांकडून उतरतं, नाना," बाई शांतपणे म्हणाल्या.

नाना वरमले. दुसऱ्याच दिवशी सुभेदाराला गाडीत घालून इंदूरला गेले. संध्याकाळी परत आले ते पडेल चेहऱ्यानंच. खुब्याचे सांधे सैल निघाले होते. औषधानं सुभेदाराचं निभेल, पण पिल्लांत दोष उतरू शकतो, तेव्हा जुळवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अहो, टेकडीला रोज चक्कर मारतोय की तो!" मी म्हटलं. "दुसरं एखादं स्थळ पाहा. एक्स-रे कोण मागतंय आपल्याकडे?"

"आणि पिल्लं लंगडली म्हणजे?" नाना एवढंच म्हणाले आणि त्यांनी धारला फोन लावला. "बाई, नकार आमच्याकडून आहे. मैनेत काही खोट नाही हो. दोष मुलात आहे."

मी आमच्या नात्यागोत्यात ढीगभर लग्नं पाहिलीत. मुलाकडच्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला नानांचा फार अभिमान वाटला.

फोन ठेवून नाना बराच वेळ सुभेदाराच्या कमरेवरून हात फिरवत राहिले.

"पिल्लूच हवं ना?" मी म्हटलं. "दुसरं कुठलंही आणू."

"आणू गं. पण ते याचं नसेल. आमच्या मंडळी वारल्या तेव्हा आमचा बंगलोरचा मुलगा म्हणाला, तिकडे चला. तिथं नातवंडं फोनवर बोलतात तसंच घरात बोलतात, हिंदी नाहीतर इंग्रजी. मी म्हटलं, सुभेदारांना कोण बघणार? खरं सांगायचं तर मलाच हा हवा होता. दिवसभर माझं मराठी हा ऐकतो. याचं पिल्लू याच्यासोबतच वाढलं असतं, ऐकून ऐकून शिकलं असतं."

सुभेदार उठून दाराकडे निघाला होता.

"बसा," नाना म्हणाले. तो मुकाट्यानं बसला.

"बघितलंस? हा गेला की या घरात 'बसा' कुणाला म्हणू गं मी?"

माझ्या घरी कुकर लावायचा होता, मी निघायला उठले होते. तशीच परत बसले.